संगीत आणि हलत्या आकृत्यांची जुनी खिशातली घड्याळे : पारख, हाताळणी आणि जतन

फेब्रुवारी १७९६ मध्ये आंत्वान फाव्र-सालोमाँ या घड्याळकाराने जिनिव्हातील ‘सोसिएते देझार’ या संस्थेपुढे एक नवी रचना सादर केली. तिच्यात घंटा नव्हती आणि हातोडीही नव्हती. स्वरात लावलेल्या पोलादी पात्या होत्या आणि फिरत्या भागावरच्या बारीक खुंट्या त्या पात्या उचलून सोडत होत्या. त्याआधी घड्याळातून सुरावट काढायची तर प्रत्येक स्वरासाठी एक घंटा आणि तिच्यासाठी एक हातोडी बसवावी लागे, त्यामुळे खिशात मावणाऱ्या घड्याळात सुरावट कोंबणे फार जिकिरीचे होते. पात्यांनी जागेची ही अडचण दूर केली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जिनिव्हा आणि स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमेवरच्या ज्युरा पर्वतातल्या खोऱ्यांमध्ये जी घड्याळे घडली, त्यांत सोन्याचे कवच, मीनाकामाचे चित्र, त्या चित्रात हलणारी माणसे आणि सोबत वाजणारी धून हे सगळे तळहाताएवढ्या जागेत एकत्र आले.

असे घड्याळ वारशाच्या पेटीत सापडले, लिलावात समोर आले किंवा संग्रहालयात काचेआड दिसले, तर ते कसे पाहावे, कसे वाजवावे आणि कसे टिकवावे, याचे हे मार्गदर्शन आहे. बहुतेक जण आधी चित्र पाहतात, मग सही शोधतात आणि यंत्राकडे शेवटी वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. स्प्रिंगमध्ये साठवलेली शक्ती कुठून निघते, कशातून जाते आणि कुठे संपते, हा मार्ग आधी शोधावा. घड्याळाचा काळ, त्यातली मोडतोड, नंतरचे फेरफार आणि त्याची खरी किंमत या सगळ्यांचा पत्ता त्याच मार्गावर लागतो.

आधी प्रकार ओळखावा

खिशातल्या घड्याळातल्या आकृत्या वेगवेगळ्या कारणांनी हलतात. आपल्या हातातल्या घड्याळात कोणते कारण आहे हे कळल्याशिवाय पुढे काही करू नये.

पहिला प्रकार रिपीटरचा. कळ दाबली की हे घड्याळ टोल्यांनी वेळ सांगते. रात्री दिवा पेटवणे सोपे नव्हते, त्या काळाची ही गरज होती. इंग्लंडमध्ये डॅनियल क्वेअर आणि एडवर्ड बार्लो या दोघांनी या कल्पनेवर हक्क सांगितला आणि १६८७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने क्वेअरच्या रचनेला पसंती दिली. पुढे डायलवर दोन सोन्याच्या आकृत्या बसवून त्याच टोल्यांबरोबर त्यांचे हात हलवण्याची पद्धत आली. या आकृत्यांना जाकमार म्हणतात. त्या समोरच्या छोट्या घंटेवर घाव घालताना दिसतात, पण बहुतेक घड्याळांत ती घंटा केवळ शोभेची असते. खरा आवाज आत, यंत्राभोवती गोल वळवलेल्या पोलादी तारेतून येतो.

दुसरा प्रकार संगीताचा. यात वेळेच्या यंत्राशेजारी संगीताचे वेगळे यंत्र असते, त्याची स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःची चाकांची मालिका असते, आणि आकृत्या त्या मालिकेवर चालतात. धून दर तासाला आपोआप वाजते किंवा कडेची कळ सरकवल्यावर वाजते, आणि काही घड्याळांत दोन्ही सोयी असतात. तिसरा प्रकार अगदी दुर्मीळ आहे. त्यात पात्या किंवा तारेऐवजी हवा आवाज काढते. जिनिव्हाच्या पिगे आणि मेलाँ यांच्या एका प्रसिद्ध रचनेत डायलवरचा कुत्रा टोल्यांच्या जागी भुंकून वेळ सांगतो, आणि ते भुंकणे आत बसवलेल्या इवल्याशा भात्यातून निघते. गाणाऱ्या पक्ष्याच्या रचनेत भात्याची हवा एका शिट्टीत सोडली जाते. त्या शिट्टीत पुढेमागे सरकणारा दट्ट्या असतो, म्हणून स्वर तुटक न येता एकातून दुसऱ्यात घसरत जातो.

काही घड्याळांत मागच्या झाकणाआड एखादे शृंगारिक दृश्य दडवलेले असते आणि ते उघडण्याची कळ वेगळी असते. ती सापडली नाही म्हणून झाकणाच्या फटीत नख किंवा चाकू घालून जोर लावू नये. कडेची एखादी साधी दिसणारी कडी किंवा बिजागराजवळचे बटणच बहुतेक वेळा ती कळ असते.

एक वेगळी सूचना इथेच द्यायला हवी. सँत-क्रुआ गावातल्या रूझ या १८६५ मध्ये सुरू झालेल्या संगीतपेट्यांच्या घराण्याने विसाव्या शतकातही हलत्या आकृत्यांची संगीतमय खिशातली घड्याळे काढली. ती चांगली आहेत, पण ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची नव्हेत. बाजारात दोन्ही एकाच नावाखाली दाखवली जातात, म्हणून हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

शक्तीचा मार्ग

आता पाचपट आणि दहापट मोठे दाखवणारी दोन भिंगे, बाजूने प्रकाश टाकणारा दिवा आणि खाली पसरलेले मऊ कापड एवढी तयारी करावी. हातात धूळ न सोडणारे मोजे असावेत. मागचे झाकण ओठाच्या, म्हणजे कडेवरच्या बारीक उंचवट्याच्या, बाजूने अंगठ्याच्या नखाने उघडत असेल तर उघडावे. उघडत नसेल तर ते काम जाणत्या घड्याळ कारागिराकडून करून घ्यावे. यंत्राच्या कोणत्याही स्क्रूला हात लावायचा नाही. ही पायरी फक्त पाहण्याची आहे.

संगीताच्या स्प्रिंगचा डबा शोधावा. त्यातून निघालेली शक्ती चाकांमधून खुंट्यांच्या भागाकडे जाते. हा भाग तीन रूपांत भेटतो. एक म्हणजे खुंट्या ठोकलेला छोटा दंडगोल. दुसरे, स्प्रिंगच्या डब्याच्याच बाहेरच्या भिंतीवर बसवलेल्या खुंट्या, म्हणजे तिथे डबा आणि दंडगोल एकच असतात. तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत देखणे रूप म्हणजे पातळ चकती, जिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या असतात आणि जिच्या वरखाली पात्या थराथराने पसरलेल्या असतात. ही चकती इतकी सपाट असते की तिच्यामुळे घड्याळाची जाडी फारशी वाढत नाही. पातळ संगीतमय घड्याळ शक्य झाले ते मुख्यतः तिच्यामुळे.

खुंट्या पात्यांना छेडतात. सुरुवातीच्या घड्याळांत प्रत्येक पाती वेगळी घडवून वेगळ्या स्क्रूने बसवलेली दिसते, नंतर काही पात्यांचे गट येतात आणि पुढे सगळ्या पात्या एकाच पोलादी पट्टीत कापलेली अखंड फणी येते. पाती स्वरात कशी लावतात हे कळले की पुढची पारख सोपी होते. पातीचे टोक घासून हलके केले की स्वर चढतो आणि मूळाकडचा भाग पातळ केला की स्वर उतरतो. त्यामुळे गंज घालवण्यासाठी कोणी पातीवर कानस फिरवली असेल, तर त्याने गंजाबरोबर स्वरही घालवला असतो. दहापट भिंगाखाली प्रत्येक पातीचा रंग, टोकाची धार आणि मूळाजवळची जागा पाहावी. एखादी पाती शेजारणींपेक्षा उजळ, निळसर किंवा जाड दिसली तर ती बदललेली आहे. बदललेली पाती हा दोष नव्हे. तिचा स्वर चुकीचा असेल तर मात्र तो मोठा दोष आहे, कारण धुनीत तो प्रत्येक वेळी खटकत राहतो.

खुंट्या वाकलेल्या, झिजलेल्या किंवा तुटलेल्या आहेत का हे तिरप्या प्रकाशात चटकन दिसते, कारण सरळ उभ्या खुंट्यांच्या सावल्या एकाच दिशेने पडतात. एखाद-दुसरी खुंटी वाकलेली असणे स्वाभाविक आहे. पण सलग पट्टाभर खुंट्या एकाच दिशेने आडव्या झालेल्या दिसल्या, तर त्या घड्याळावर एक विशिष्ट आघात झालेला असतो. तो समजण्यासाठी शक्तीच्या मार्गाचे शेवटचे टोक पाहावे लागते.

त्या टोकाला पंखा असतो. संगीताच्या मालिकेतले शेवटचे चाक एका उभ्या मळसूत्री दांडीला फिरवते आणि त्या दांडीवर दोन छोटे पंख असतात. पंख हवेला ढकलतात, हवा विरोध करते आणि त्या विरोधामुळे सगळी मालिका ठरावीक वेगाने फिरते. पंखा नसता तर ताणलेली स्प्रिंग एका क्षणात मोकळी झाली असती. दांडीचे टेकण फुटले, मळसूत्राचे दाते झिजले किंवा स्प्रिंग भरलेली असताना कोणी पंखा उघडला, तर नेमके तेच घडते. खुंट्यांचा भाग बेफाम वेगाने फिरतो, पात्या मोडतात आणि खुंट्या एका दिशेने आडव्या होतात. अशा घड्याळांवर येणारे हे सर्वांत मोठे संकट आहे आणि ते जवळजवळ नेहमी हाताळणाऱ्याच्या घाईमुळे येते. म्हणून विकत घेण्याआधी इतर सगळे सोडून पंखा, त्याची दांडी आणि त्याचे वरचे टेकण एवढे तरी भिंगाखाली पाहावे.

याच मालिकेतून एक फांदी आकृत्यांकडे जाते. एका आसावर वेगवेगळ्या आकाराच्या पोलादी किंवा पितळी चकत्या ओळीने बसवलेल्या असतात आणि त्यांच्या कडा उंचसखल असतात. प्रत्येक कडेवर एका तरफेचे टोक टेकलेले असते. कड उंच झाली की तरफ उचलली जाते आणि डायलच्या मागून आकृतीचा हात, मान किंवा पाय ओढते. कड खाली गेली की केसाएवढी पातळ स्प्रिंग ते अवयव परत जागेवर आणते. त्यामुळे आकृतीची हालचाल म्हणजे त्या कडेचे वाचन असते. एखाद्या आकृतीचा हात वर जातो पण खाली येत नाही, तर चकती ठीक असून परतीची स्प्रिंग तुटली किंवा निसटली असण्याची शक्यता मोठी. हात थरथरतो, तर तरफेचे टोक झिजून कडेवर नीट बसत नाही. पाण्याच्या कारंज्याचे किंवा झऱ्याचे दृश्य असेल, तर पाण्याच्या जागी पिळदार काचेची बारीक कांडी स्वतःभोवती फिरत असते आणि पीळ सरकल्यामुळे डोळ्याला पाणी वाहताना दिसते. काठीने खडकातून पाणी काढणाऱ्या मोझेसच्या दृश्यात ही युक्ती वापरली आहे. ही कांडी मोडली तर तशीच काच पुन्हा ओढून घ्यावी लागते, म्हणून तिच्या टोकाजवळच्या भेगा खास पाहाव्यात.

रिपीटरमध्ये शक्तीचा मार्ग वेगळा असतो. कडेची कळ सरकवताना आपलाच हात एक छोटी स्प्रिंग भरतो. तास मोजणाऱ्या दातेरी पट्टीचे बोट बारा पायऱ्यांच्या एका चकतीवर पडते, जितकी खोल पायरी तितके टोले, आणि पाव तासांसाठी चार पायऱ्यांची दुसरी चकती असते. तासांचे टोले एकेरी आणि पाव तासांचे जोडीने, दोन स्वरांत ऐकू येतात. चांगल्या घड्याळात कळ अर्धवट दाबली तर काहीच वाजत नाही, पूर्ण दाबली तरच पूर्ण वेळ वाजते. अर्धवट दाबल्यावर चुकीची वेळ वाजत असेल, तर ही सुरक्षेची रचना एकतर त्या घड्याळात कधी नव्हतीच किंवा ती बिघडली आहे. जाकमारांचे हात हातोड्यांच्या आसांना जोडलेले असतात. टोला ऐकू येतो पण हात हलत नाही, असे झाले तर तो जोड निसटला आहे हे लगेच ओळखावे.

कवच, मीनाकाम आणि मोती

यंत्र पाहून झाल्यावरच झाकण मिटावे आणि बाहेरच्या कामाकडे वळावे. हे काम एका हाताचे नसते. जिनिव्हात घड्याळाचा प्रत्येक भाग वेगळा कारागीर करीत असे आणि वरच्या मजल्यावरच्या उजेडाच्या खोल्यांमध्ये बसून काम करणाऱ्या या कारागिरांना काबिनोतिए म्हणत. कवच घडवणारा, रेषा कोरणारा, मीना भरणारा, चित्र काढणारा आणि मोती बसवणारा हे सगळे निराळे असू शकत.

रेषांचे नक्षीकाम एका विशेष लेथवर कोरले जाते आणि त्यावर पारदर्शक रंगीत मीना चढवली की खालच्या रेषा प्रकाशात हलल्यासारख्या दिसतात. चित्राचे काम याहून कठीण. पांढऱ्या मीन्यावर बारीक कुंचल्याने रंग भरायचे, तो थर भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सियसला भाजायचा, पुन्हा रंग, पुन्हा भट्टी आणि शेवटी वर स्वच्छ काचेसारखा पारदर्शक थर. एखाद्या भाजणीत तडा गेला तर आधीच्या सगळ्या भाजण्या वाया जात. जाँ-लुई रिश्टर (१७६६–१८४१) या जिनिव्हाच्या चित्रकाराची निसर्गदृश्ये आणि समुद्रावरची जहाजे या तंत्राच्या शिखरावर आहेत. त्यांच्याजवळ भिंग नेले तरी रंगांची कडा खरखरीत दिसत नाही.

मीनाकामाच्या पारखीत एक साधे तर्कशास्त्र फार उपयोगी पडते. मीना म्हणजे काच, आणि काच वाकत नाही. सोन्याला पोचा पडला असेल तर त्याच्यावरच्या मीन्याला तडा गेलाच पाहिजे. पोचा आहे आणि वरची मीना अखंड दिसते, तर तो भाग नंतर राळेने किंवा लाखेने भरून रंगवलेला आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाचा टॉर्च टाकला की असा भरलेला भाग भोवतालच्या काचेहून बहुधा वेगळा चमकतो. बिजागराजवळच्या, झाकणाच्या कडेच्या आणि साखळी अडकवण्याच्या कडीखालच्या केसासारख्या भेगा खास शोधाव्यात, कारण ताण तिथेच येतो. चित्राच्या मागच्या बाजूलाही साधी मीना भरलेली असते. थंड होताना धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, तो ताण दोन्ही बाजूंनी सारखा राहावा म्हणून ती भरतात.

कडेला ओवलेले मोती बहुधा अर्धे कापलेले असतात. मोत्याला घाम, अत्तर, अमोनिया आणि आम्ल सोसत नाही, म्हणून असे घड्याळ कोणत्याही द्रवाने पुसू नये आणि ध्वनिलहरींच्या सफाई यंत्रात तर मुळीच घालू नये. जुन्या मोत्यांच्या रंगात थोडाथोडा फरक असतो. सगळे मोती एकसारखे पांढरे दिसले तर त्यांतले बरेचसे नंतर बसवलेले असावेत. आकृत्यांच्या सोन्यातही रंग असतात. सोन्यात तांबे वाढवले की लालसर आणि चांदी वाढवली की हिरवट छटा येते. पाने हिरवट सोन्याची, फुले लालसर सोन्याची, असे काम दिसले तर ते निवांतपणे पाहावे.

काळ कसा ठरवावा

विक्रेता जे वर्ष सांगतो ते बाजूला ठेवून काही निश्चित वर्षांशी यंत्र ताडून पाहावे. गोल वळवलेल्या तारेवर टोला मारण्याची पद्धत अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळकाराने १७८३ मध्ये आणली असे मानले जाते; त्याआधीच्या रिपीटरमध्ये घंटा असते आणि आवाज बाहेर यावा म्हणून कवचाला जाळी कोरलेली असते. पोलादी पात्या १७९६ च्या. त्यामुळे ‘१७८० चे’ म्हणून दाखवलेल्या घड्याळात पात्या सापडल्या, तर वर्ष चुकले आहे किंवा यंत्र नंतर घातले आहे. चावीशिवाय, वरचा मुकुट फिरवून चालणारे घड्याळ आद्रियँ फिलिप या घड्याळकाराच्या १८४० च्या दशकातल्या कामानंतर रुळले. म्हणून १८१५ च्या म्हणवल्या जाणाऱ्या घड्याळाला मुकुट असेल तर त्यात बदल झालेला आहे.

सोन्यावरच्या छापांनीही मदत होते. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने अठरा कॅरेटसाठी हेल्व्हेशिया देवीचे मस्तक आणि चौदा कॅरेटसाठी खार हे छाप ठरवले गेले. हे छाप मूळ कवचावर असतील तर ते कवच त्यानंतरचे. फ्रान्समध्ये १८९३ पासून बाहेरून आलेल्या सोन्यावर घुबडाचा छाप मारला जाऊ लागला. त्यामुळे घुबड दिसले म्हणजे घड्याळ फ्रेंच, असा निष्कर्ष काढू नये. त्याचा अर्थ एवढाच की ते कधीतरी फ्रान्सच्या बाजारातून गेले.

चीनसाठी घडवलेल्या घड्याळांची ओळख वेगळी आहे. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये मुख्यतः ग्वांगझूच्या बंदरातूनच व्यापार करता येई आणि तिथे अशा वाजत्या, हलत्या वस्तूंना ‘सिंगसाँग’ म्हणत. चियनलुंग सम्राटाला त्यांची मोठी आवड होती आणि त्याच्या दरबारातल्या अनेक वस्तू आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत. चीनच्या बाजारासाठी घड्याळे पुष्कळदा जोडीने घडत आणि जोडीतल्या दुसऱ्या घड्याळावरचे चित्र आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे असे. म्हणून एकटे घड्याळ हाती आले तर त्याचा जोडीदार कुठे आहे, हा प्रश्न लिलावांच्या जुन्या याद्यांमध्ये शोधण्यासारखा असतो. लंडनचा विल्यम इल्बरी आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावातले बोव्हे ही त्या व्यापारातली मोठी नावे.

सहीचा अर्थ

सही नसणे हा दोष मानू नये. विकणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव डायलवर आणि घडवणाऱ्याचे नाव कुठेच नाही, असे वारंवार दिसते. पिगे आणि मेलाँ यांची भागीदारी १८११ ते १८२८ अशी चालली आणि त्यांची ‘पी एम’ ही खूण शंकरपाळ्याच्या आकारात, तेही यंत्राच्या आतल्या भागावर, सापडते. इझाक-दानिएल पिगे त्याआधी आंरी काप्त याच्यासोबत काम करीत होता. हे सगळे, आणि पक्ष्यांच्या यंत्रांसाठी नावाजलेले रोशा बंधूही, व्हाले द जू या ज्युरातल्या खोऱ्याशी जोडलेले आहेत. घड्याळकार पियेर जाके-द्रो (१७२१–१७९०), त्याचा मुलगा आंरी-लुई आणि सहकारी जाँ-फ्रेदेरिक लेशो यांचे नाव मात्र विक्रेते फार सैलपणे वापरतात. त्यांच्या लेखक, चित्रकार आणि वादक या तीन यंत्रमानवांची ख्याती एवढी मोठी आहे, की त्या काळातले कोणतेही चांगले काम त्यांच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो. ‘अमुक यांचे असावे’ असे लिहिलेले असेल तर ‘असावे’ या शब्दाचा पुरावा मागावा : खूण, क्रमांक, किंवा एखाद्या संग्रहालयातल्या नोंदलेल्या घड्याळाशी यंत्राचे नेमके साम्य.

डोळा तयार करायचा तर जिनिव्हाचे पातेक फिलिप संग्रहालय, ल लोक्लचे शातो दे माँ हे घड्याळ संग्रहालय आणि नशातेलचे कला आणि इतिहास संग्रहालय ही स्वित्झर्लंडमधली तीन ठिकाणे मला सर्वांत उपयुक्त वाटतात. नशातेलमध्ये जाके-द्रोंचे ते तीन यंत्रमानव आजही ठरावीक दिवशी चालवून दाखवतात. आपल्याकडे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातल्या मोठ्या घड्याळासमोर, जिथे तासाला एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, उभे राहिले तरी तरफ, टोला आणि आकृती यांचे नाते मोठ्या आकारात समजते.

चावी देणे आणि वाजवणे

घड्याळ अनेक वर्षे पडून असेल तर ते वाजवून पाहण्याची इच्छा आवरावी. जुने वंगण घट्ट झालेले असते, त्यात धूळ मिसळून ती दात्यांना कानशीसारखी घासते, आणि अडकलेल्या मालिकेवर ताणलेली स्प्रिंग जोर लावत राहते. आधी कारागिराकडून सफाई, मगच संगीत.

सफाई झालेले घड्याळ वाजवताना आधी नेमकी मापाची चावी घ्यावी. सैल चावी चौकोनी टोकाचे कोपरे गोल करते. वेळेची आणि संगीताची चावी देण्याची भोके वेगवेगळी असतील तर आधी वेळेची स्प्रिंग भरावी. संगीताची स्प्रिंग हळूहळू, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांनी भरावी आणि विरोध जाणवताच थांबावे. नंतर घड्याळ मऊ कापडावर डायल वर करून ठेवावे, हातात धरून वाजवू नये. कळ एकाच सलग हालचालीत शेवटपर्यंत सरकवावी. धून सुरू झाल्यावर तिचा वेग कानाने जोखावा. वेग एकदम वाढला तर पंखा सुटत चालला आहे असे समजून थांबवण्याची कळ ताबडतोब लावावी आणि पुन्हा वाजवू नये. वेग मंद होत गेला तर वंगण किंवा स्प्रिंग थकली आहे. एखादा स्वर गुणगुणल्यासारखा लांबत असेल, तर पाती शेजारच्या भागाला घासते आहे किंवा तिच्यावर गंज आहे.

असा धोका नसेल, तर धून मध्येच थांबवून घड्याळ ठेवून देऊ नये. तशा अवस्थेत काही पात्या खुंट्यांवर उचललेल्या राहतात आणि धक्का बसला तर त्याच मोडतात. रिपीटर वाजत असताना काटे फिरवू नयेत आणि तासाला आपोआप वाजणाऱ्या घड्याळाचे काटे उलट फिरवू नयेत. प्रवासाला नेण्याआधी संगीताची स्प्रिंग पूर्ण वाजवून रिकामी करावी.

आपल्या हवेत जतन

स्वित्झर्लंडच्या कोरड्या खोलीत जे घड्याळ दोन शतके टिकले, त्याच्या पोलादी पात्या मुंबईत किंवा कोकणात एका पावसाळ्यात गंजू शकतात. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा. पुड्या रंग बदलताच सुकवून घ्याव्यात. लोकर, रबर आणि सागवानी किंवा ओक लाकडाच्या नव्या पेट्या टाळाव्यात, कारण त्यांतून निघणारी आम्ले आणि गंधकाची वाफ धातूला काळवंडवते. आम्लरहित कागद आणि धुतलेले सुती कापड पुरते. देवघराशेजारच्या कपाटात ते ठेवू नये. धूप आणि कापराचा थर मोत्यांवर आणि यंत्रात दोन्हीकडे बसतो.

दुरुस्ती आणि कायदा

या कामासाठी नेहमीच्या घड्याळ दुरुस्तीचे कौशल्य पुरे पडत नाही. पाती बदलणे, खुंट्या सरळ करणे आणि स्वर पुन्हा लावणे ही कामे करणारे लोक आज मुख्यतः सँत-क्रुआ आणि भोवतालच्या ज्युरा भागात आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या या भागातली यांत्रिक घड्याळकला आणि यंत्रकला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कारागिराला काम देण्याआधी तो स्प्रिंग सैल करूनच पंखा उघडतो का, जुन्या पात्या फेकतो की परत देतो, आणि मीन्याला भट्टीत घालण्याचा सल्ला देतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याला ‘हो’ असे उत्तर मिळाले तर घड्याळ परत घ्यावे. चित्राची दुसऱ्यांदा भाजणी करताना सगळेच चित्र जाण्याचा धोका असतो.

भारतात राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलामौल्य वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि ती वस्तू कोणत्या देशात घडली यावर ही व्याख्या अवलंबून नाही. पुरावस्तू भारताबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेलाच आहे, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. त्यामुळे असे घड्याळ दुरुस्तीसाठी म्हणून परस्पर कुरिअरने जिनिव्हाला पाठवणे किंवा प्रवासात सोबत नेणे हे गंभीर प्रकरण होऊ शकते. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे किंवा आपल्या भागातल्या मंडळाकडे लेखी विचारणा करावी. परदेशातून विकत घेऊन भारतात आणताना खरेदीची पावती, लिलावाची नोंद आणि सीमाशुल्काची कागदपत्रे जपून ठेवावीत. पुढे काहीही करायचे झाले तरी ती लागतात.

नोंदी

दरवर्षी एकदा, पावसाळा संपल्यावर, पूर्ण धून त्याच खोलीत, त्याच अंतरावरून ध्वनिमुद्रित करावी आणि आकृत्यांची हालचाल चित्रफितीत घ्यावी. कानाला न जाणवणारा बदल दोन वर्षांची मुद्रणे शेजारी ठेवली की सापडतो : एक स्वर बारीक झालेला, धून काही सेकंदांनी लांबलेली, टोला आणि हाताची हालचाल यांच्यात अंतर पडलेले. मीन्याच्या प्रत्येक भेगेचे, प्रत्येक छापाचे आणि पंख्याच्या टेकणाचे जवळून छायाचित्र काढावे, आणि कारागिराने केलेले प्रत्येक काम तारखेसह लिहून घ्यावे. बदललेला प्रत्येक मूळ भाग, मोडकी पाती असली तरी, छोट्या पाकिटात चिठ्ठीसह घड्याळाजवळच ठेवावा. पुढच्या कारागिराला स्वर आणि जाडी मोजण्यासाठी त्याचाच आधार असतो.